एका बोर्डावर दोन प्रोसेसर

संगणक बंद पडला म्हणजे सगळा संगणक गेला, असे सहसा होत नाही. एखादा भाग निकामी होतो आणि त्याच्यापायी बाकीचे धडधाकट भाग अडून बसतात. गेलेला भाग एसएमपीएस, रॅम किंवा हार्ड डिस्क असेल तर तेवढाच बदलायचा आणि कामाला लागायचे. मदरबोर्ड गेला असेल तर मात्र सगळी मांडणीच नव्याने करावी लागते. प्रोसेसर कोणता बसेल, रॅम कोणत्या जातीची लागेल, आहे ते कॅबिनेट पुरेल का, हे सगळे बोर्ड ठरवतो. काही वर्षांपूर्वीचा तसाच बोर्ड नवा मिळत नाही, आणि नव्या पिढीचा घ्यावा तर त्याच्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. दुरुस्तीला निघालेला माणूस असा खरेदीला जाऊन पोहोचतो.

नेमक्या याच वळणावर संगणक जुळवणाऱ्या हौशी माणसांना गेली पंचवीसेक वर्षे एक विचार खुणावत आला आहे. खर्च करायचाच आहे, तर दोन प्रोसेसर बसतील असा बोर्ड का घेऊ नये? एका महागड्या प्रोसेसरऐवजी दोन स्वस्त घेतले तर कमी पैशांत जास्त काम होणार नाही का? होते, आणि अनेकांनी ते करून दाखवले आहे. पण ज्यांचे जमले त्यांना एक गोष्ट नीट कळली होती. दोन प्रोसेसर मिळवणे हा या उद्योगातला सोपा आणि स्वस्त भाग आहे. त्या दोघांना पुरेशी वीज, पुरेशी स्मृती आणि वाटून घेता येईल असे काम मिळवून देणे हा अवघड भाग. बजेट तिथेच खर्च होते, आणि तिथेच खर्च व्हायला हवे.

आधी कळू द्या, गेले काय

बोर्ड बदलण्याआधी बोर्डच गेला आहे याची खात्री हवी. सुरुवात एसएमपीएसपासून करावी. भिंतीतल्या २३० व्होल्टपासून तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे तयार करतो. संगणक बंद दिसतो तेव्हाही ५ व्होल्टचा एक स्टँडबाय पुरवठा बोर्डाकडे चालू असतो; म्हणूनच पुढचे बटण दाबल्यावर बोर्डाला जाग येते. एटीएक्स पद्धतीच्या एसएमपीएसच्या मोठ्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो बोर्डाशिवायही सुरू होतो. पंखा फिरला तर तो पूर्ण मेलेला नाही, एवढेच कळते. भार आल्यावर व्होल्टेज टिकते का, हे दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहिल्यावरच समजते. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार काही काळ टिकून असतो.

एसएमपीएस निर्दोष ठरला तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि छोटा स्पीकर ठेवून तो सुरू करावा. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली अडकलेला एखादा स्क्रू शॉर्ट करत असेल तर बाहेर काढताच बोर्ड चालू होतो. रॅम काढून पाहिल्यावर बोर्ड बीप वाजवून तक्रार करत असेल, तर त्याचा बराचसा भाग जिवंत आहे. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदलून आणि बायोस मूळ स्थितीला आणूनही काही बोर्ड पुन्हा उठतात.

एवढे करूनही काही हलले नाही तर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती उभे असलेले कपॅसिटर नीट पाहावेत. प्रोसेसरची विजेची मागणी क्षणोक्षणी बदलते, आणि त्या चढउतारात व्होल्टेज स्थिर ठेवायचे काम हे कपॅसिटर करतात. १९९९ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसवले गेले. आत वायू साठून त्यांची टोपी फुगते, कधी फुटून तपकिरी द्रव बाहेर येतो, आणि संगणक आधी अधूनमधून अडखळतो, मग कायमचा थांबतो. असे कपॅसिटर बदलता येतात. नव्याची क्षमता तेवढीच हवी, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त हवे, अंतर्गत रोध कमी हवा आणि तो १०५ अंश सेल्सिअस सहन करणारा हवा. बोर्ड अनेक थरांचा असल्याने तांब्याचे थर सोल्डरिंगची उष्णता ओढून घेतात, म्हणून हे काम सराव असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. बोर्ड अशा रीतीने वाचला तर सर्वांत स्वस्त उपाय तोच. वाचला नाही, तरच पुढचा विचार करायचा.

तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर

दोन स्वस्त प्रोसेसरांची कल्पना सामान्य माणसाच्या टेबलावर आली ती १९९९ साली. तिची पूर्वतयारी एक वर्ष आधी झाली होती. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. खर्च वाचवण्यासाठी त्यातून दुसऱ्या पातळीची कॅश स्मृती पूर्णपणे काढून टाकलेली होती. प्रत्येक वेळी मुख्य रॅमपर्यंत जावे लागल्याने तो मंद ठरला आणि त्याच्यावर टीका झाली. ऑगस्टमध्ये इंटेलने ती चूक सुधारून सेलेरॉन ३००ए आणला. त्यात १२८ केबी कॅश थेट प्रोसेसरच्या चकतीवरच होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत होती. त्यावेळच्या महागड्या पेंटियम टूमध्ये कॅश ५१२ केबी होती, पण ती वेगळ्या चिपांवर असल्याने निम्म्याच वेगाने चालत असे. त्यामुळे पुष्कळ कामांत स्वस्त भाऊ महागड्याच्या बरोबरीने चालू लागला.

हौशी लोकांनी पुढचे पाऊल लगेच टाकले. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरलेला गुणक. ३००ए साठी बस होती ६६ मेगाहर्ट्झची आणि गुणक होता ४.५, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक कारखान्यातच बंद केलेला होता, पण बसचा वेग बोर्डाच्या हातात होता. बस १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागे. ऑगस्ट १९९८ मध्ये ३००ए ची घाऊक किंमत १४९ डॉलर होती आणि ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूची ६६९ डॉलर. एकाच तंत्राने बनलेल्या चिपा तपासून त्यांच्यावर वेगाचा शिक्का मारला जातो, आणि ठरवलेल्या शिक्क्यापेक्षा अधिक पेलण्याची ताकद त्यांतल्या पुष्कळ चिपांत शिल्लक असते. या ताकदीची हमी मात्र कोणी देत नाही. एक चिप साडेचारशेवर आठवडाभर न अडखळता चालेल, तर तिच्याच शेजारची चिप विंडोज सुरू होण्याआधीच थांबेल.

यात एक बारकावा होता आणि तो शहाण्यांनी पाळला. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड आणि हार्ड डिस्कचा नियंत्रक ज्या पीसीआय बसवर असतात ती ३३ मेगाहर्ट्झची. मुख्य बस ६६ वर असताना बोर्ड तिला दोनने भागतो आणि १०० वर असताना तीनने, त्यामुळे दोन्ही वेळा उत्तर ३३ च येते. मधलाच ८३ चा वेग निवडला तर दोनने भागून पीसीआय जवळजवळ ४२ वर जाते, आणि मग डिस्कवरचा मजकूर बिघडण्याची भीती निर्माण होते. म्हणजे १०० ची उडी दिसायला मोठी असली तरी आजूबाजूच्या भागांसाठी तीच जास्त सुरक्षित होती.

आता दोन प्रोसेसरांकडे येऊ. सेलेरॉन एकट्यानेच वापरावा अशी इंटेलची इच्छा होती. जोडीने चालवायचे तर पेंटियम घ्या, असा हिशेब होता. पण सेलेरॉनचा गाभा पेंटियम टूच्याच घराण्यातला होता आणि जोडीने काम करण्याची क्षमता त्यात आधीपासून होती. ‘मला बस हवी आहे’ ही दुसऱ्या प्रोसेसरची विनंती वाहून नेणारी जोडणी कार्ट्रिजमधल्या सेलेरॉनच्या पट्टीवर केलेली नव्हती, एवढाच अडथळा होता. काही धाडसी लोकांनी पट्टीला बारीक भोक पाडून, तार सोल्डर करून ही जोडणी पूर्ण केली. नंतर सेलेरॉन कार्ट्रिज सोडून सॉकेट ३७० मध्ये आला, तेव्हा ती विनंती प्रोसेसरच्या पिनेवरच उपलब्ध झाली.

तैवानच्या अबिट कंपनीने ही संधी ओळखली आणि १९९९ मध्ये बीपी६ नावाचा बोर्ड काढला. इंटेलचीच ४४०बीएक्स चिपसेट, रॅमच्या तीन जागा, कमाल ७६८ एमबी स्मृती आणि शेजारी शेजारी दोन सॉकेट. कोणताही फेरफार न केलेले दोन सेलेरॉन जोडीने चालवणारा हा पहिला बोर्ड होता. सेलेरॉन ३६६ चा गुणक ५.५ असल्याने १०० च्या बसवर दोघेही ५५० मेगाहर्ट्झवर नेता येत. तोवर दोन प्रोसेसर ही सर्व्हर आणि महागड्या वर्कस्टेशनची मिरास होती. आता विद्यार्थी, प्रोग्रॅमर, लिनक्स शिकणारे आणि त्रिमितीय चित्रे बनवणारे कलाकार ती घरी जुळवू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सुटे भाग पारखून संगणक जुळवून घेण्याची आपल्याकडची रीत याच शहाणपणावर उभी आहे: कंपनीने बनवलेले आख्खे यंत्र घेण्याऐवजी भाग ओळखायचे आणि पैसा जिथे फळेल तिथेच घालायचा.

ही वाट फार काळ उघडी राहिली नाही. पुढच्या पिढीच्या सेलेरॉनमध्ये इंटेलने जोडीने चालण्याची सोय बंद केली. बीपी६ च्या अनेक बोर्डांवरचे कपॅसिटरही काही वर्षांत दगा देऊ लागले. २००१ मध्ये एएमडीने अॅथलॉन एमपी आणि त्याच्यासाठी ७६०एमपी चिपसेट आणली, तेव्हा काटकसरी लोक पुन्हा कामाला लागले. स्वस्त अॅथलॉन एक्सपीच्या पृष्ठभागावरचा तोडलेला सूक्ष्म जोड वाहक रंगाने जुळवून ते त्याला एमपीच्या जागी बसवत.

दोघांचे जमते कसे

बटण दाबल्यावर दोन्ही प्रोसेसर एकदम धावू लागत नाहीत. त्यांच्यापैकी एक पुढाकार घेतो, बायोस चालवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करतो. दुसरा तोवर थांबून असतो. यंत्रात किती प्रोसेसर आहेत याचा तक्ता बायोस स्मृतीत मांडून ठेवतो. त्याची पद्धत इंटेलने १९९४ मध्ये मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन या नावाने ठरवून दिली. ऑपरेटिंग सिस्टिम तो तक्ता वाचते आणि एपिक नावाच्या नियंत्रकामार्फत दुसऱ्या प्रोसेसरला जागे होण्याचा संदेश पाठवते. कीबोर्ड, डिस्क आणि नेटवर्ककडून येणाऱ्या हाका कोणाकडे द्यायच्या, हेही हीच यंत्रणा ठरवते.

त्याहून नाजूक प्रश्न कॅशचा असतो. समजा, बँकेच्या एका खात्यात ५०० रुपये असल्याची नोंद रॅममध्ये आहे. दोन्ही प्रोसेसरांनी ती वाचली, म्हणजे दोघांच्या कॅशमध्ये तिची एकेक प्रत आली. पहिल्याने १०० वजा करून ४०० लिहिले. दुसरा अजून ५०० च धरून बसला आहे. असे झाले तर हिशेबाला अर्थच उरणार नाही. म्हणून प्रत्येक प्रोसेसर बसवरच्या घडामोडींवर सतत कान ठेवून असतो. आपल्याकडे असलेली नोंद दुसरा बदलतो आहे हे कळताच तो स्वतःची प्रत रद्द करतो आणि पुढच्या वेळी ताजी प्रत मागून घेतो. ही पहारेदारी प्रत्येक सेकंदाला लाखो वेळा चालते आणि तिच्यासाठीही बसचा वेळ खर्च होतो.

बीपी६ सारख्या बोर्डावर ती बस एकच होती आणि दोघांत वाटलेली होती. तिच्यावरून एका वेळी ८ बाइट जात. ६६ मेगाहर्ट्झला हा वेग सेकंदाला सुमारे ५३३ एमबी भरतो, आणि तो दोघांना मिळून. लग्नघरात पोळ्या लाटायला एकीच्या दोघी बसल्या तरी भाजायचा तवा एकच असेल, तर लाटलेल्या पोळ्या परातीत साचत राहतात. तसे रॅमवर अवलंबून असलेले काम दुसरा प्रोसेसर आल्यावरही फारसे पुढे सरकत नाही. जे काम कॅशमध्येच मावते त्याला मात्र दोघांचा पूर्ण फायदा मिळतो. बस १०० वर नेण्याचे महत्त्व इथे दुहेरी होते: प्रोसेसर तर धावतच, पण दोघांची सामाईक वाटही ८०० एमबी रुंद होई.

एएमडीच्या ऑप्टेरॉनने २००३ मध्ये या अडचणीवर वेगळे उत्तर आणले. प्रत्येक प्रोसेसरमध्येच रॅमचा नियंत्रक बसवला, प्रत्येकाला आपापली रॅम दिली आणि दोघांमध्ये बोलण्यासाठी वेगवान दुवा ठेवला. दुसऱ्याच्या रॅममधले काही हवे असेल तर मागता येते, पण स्वतःच्या रॅमपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. आजच्या सगळ्या दोन सॉकेटांच्या बोर्डांची रचना याच धर्तीची आहे.

कामाची वाटणी

यंत्र जुळले तरी ऑपरेटिंग सिस्टिमला दुसरा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. विंडोज ९५ आणि ९८ ला तो ओळखताच येत नव्हता. बीपी६ वर विंडोज ९८ टाकले तर दुसरा सेलेरॉन नुसता बसून राही. विंडोज एनटी ४ वर्कस्टेशन आणि २००० साली आलेले विंडोज २००० प्रोफेशनल दोन प्रोसेसर वापरत. लिनक्समध्ये ही सोय १९९६ च्या २.० आवृत्तीत आली. सुरुवातीला एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये शिरू शके, कारण साऱ्या कर्नलला मिळून एकच मोठे कुलूप होते. पुढे त्याच्या जागी छोटी छोटी कुलपे येत गेली आणि ते शेवटचे मोठे कुलूप २०११ च्या २.६.३९ आवृत्तीत निघाले. तेवढे काम पुरे व्हायला पंधरा वर्षे लागली. बीओएस ही प्रणाली तर पहिल्यापासून अनेक प्रोसेसरांसाठीच घडवलेली होती. तिच्यासाठी बनलेल्या १९९५ च्या बीबॉक्स संगणकात दोन पॉवरपीसी प्रोसेसर होते.

मग प्रश्न उरतो प्रोग्रॅमचा. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेला विचार इथे मार्गदर्शक ठरतो. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून घेता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. समजा, निम्मे काम वाटता येण्यासारखे आहे. दोन प्रोसेसर लावले तर तेवढ्या निम्म्याचा वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० मिनिटांच्या कामाला ७५ मिनिटे लागतात. वेग फक्त १.३३ पट वाढतो. ९० टक्के काम वाटता येत असेल तर १०० मिनिटांची ५५ होतात आणि वेग १.८२ पट वाढतो. दुप्पट होण्यासाठी कामाचा कणन् कण वाटता यावा लागतो. त्रिमितीय चित्राचे रेंडरिंग, शेकडो फाइलींचा प्रोग्रॅम कंपाइल करणे, व्हिडिओचे रूपांतर ही कामे या आदर्शाच्या जवळ जातात. त्या काळचे बहुतेक गेम त्यापासून दूर होते. डिसेंबर १९९९ मध्ये आलेल्या क्वेक थ्री अरीनात दोन प्रोसेसर वापरण्याची सोय दिलेली होती, ही त्यावेळी विशेष गोष्ट होती.

काम वाटण्याचे हेच कोडे भारतात मोठ्या प्रमाणावर सोडवण्याचा मान पुण्याकडे जातो. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. एकच अफाट वेगवान प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र बांधले. प्रत्येकाला आपली स्वतंत्र स्मृती होती आणि ते एकमेकांना संदेश पाठवून काम करत. सामाईक बसवरची गर्दी त्यामुळे टळली, पण काम कसे तोडायचे आणि कोणी कोणाला कधी काय कळवायचे याचा विचार प्रोग्रॅमरला करावा लागला. दोन सेलेरॉनचा बोर्ड असो की महासंगणक, यंत्र जोडण्याइतकीच बुद्धी काम तोडण्यात लागते.

तरीही दोन प्रोसेसरांचा एक लाभ प्रोग्रॅम कसाही असला तरी मिळत असे. एखादे जड काम एका प्रोसेसरला पूर्ण गुंतवून ठेवी, तेव्हा दुसरा मोकळा असल्याने खिडक्या उघडत, गाणी न तुटता चालत, माउस अडकत नसे. ही मोकळीक ज्याने अनुभवली त्याला पुन्हा एका प्रोसेसरवर जाणे नकोसे होई. एकाच प्रोसेसरचा वेग वाढवत नेण्याचा मार्ग उष्णतेमुळे खुंटला आणि २००५ मध्ये इंटेलने पेंटियम डी व एएमडीने अॅथलॉन ६४ एक्स२ आणला, तेव्हा तीच मोकळीक एका चिपवरच्या दोन कोअरांमधून घरोघरी पोहोचली.

सर्व्हर खोलीतून आलेला माल

त्यानंतर दोन सॉकेटांचा बोर्ड घरी घ्यायचे कारण उरले नाही, असे वाटेल. पण काही वर्षांनी स्वस्ताईचा दुसरा झरा फुटला. मोठी डेटा सेंटर आपले सर्व्हर काही वर्षांनी बदलतात, आणि जुने प्रोसेसर एकदम हजारोंनी बाजारात येतात. इंटेलचा झिऑन ई५-२६७० मार्च २०१२ मध्ये आला तेव्हा त्याची जाहीर किंमत १,५५२ डॉलर होती. आठ कोअर, सोळा थ्रेड, २० एमबी कॅश. २०१६ च्या सुमारास तोच वापरलेला प्रोसेसर १०० डॉलरच्या आत मिळू लागला. दोन घेतले की सोळा कोअर झाले.

या बोर्डांवर प्रत्येक प्रोसेसरला रॅमच्या चार स्वतंत्र वाहिन्या असतात. डीडीआर३ १६०० मेगाहर्ट्झच्या रॅमवर एका प्रोसेसरला सेकंदाला ५१.२ जीबी मिळतात, म्हणजे बीपी६ वरच्या दोघांच्या सामाईक वाट्याच्या जवळजवळ शंभरपट. अट एवढीच की चारही वाहिन्या भरलेल्या हव्यात. दोन प्रोसेसरांसाठी निदान आठ सारख्या पट्ट्या लागतात. त्यासाठी लागणारी रजिस्टर्ड ईसीसी रॅम साध्या घरगुती बोर्डांवर चालत नाही, म्हणून जुन्या बाजारात ती तुलनेने स्वस्त पडते. सगळ्या पट्ट्या एकाच प्रोसेसरच्या जागांत खोचल्या तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडे मागावे लागते, आणि पैसे टाकून घेतलेला वेग हातचा जातो.

खरेदी करताना क्रमांक नीट वाचावा. ई५ नंतरच्या चार अंकांतला पहिला अंक किती सॉकेटांपर्यंत तो प्रोसेसर चालतो ते सांगतो. १६२० एकटाच चालतो, २६७० जोडीने चालतो. २६ ने सुरू होणाऱ्या क्रमांकापुढे व्ही२ असेल तर तो प्रोसेसर एलजीए २०११ सॉकेटात बसतो; व्ही३ किंवा व्ही४ असेल तर त्याला एलजीए २०११-३ लागतो. दोन्ही सॉकेट दिसायला सारखे वाटले तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. ज्यांच्यावर इंटेल कॉन्फिडेन्शियल असे छापलेले असते ते चाचणीसाठीचे नमुने असतात. ते फार स्वस्त दिसतात, पण ते विक्रीसाठी नसतात आणि पुष्कळ बोर्डांचे बायोस त्यांना ओळखत नाही. या सॉकेटांच्या पिना बोर्डावर असतात. वापरलेला बोर्ड घेताना सॉकेटचे झाकण उघडून, उजेडात तिरके धरून एकही पिन वाकलेली नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैसा कुठे घालायचा

अशा जुळवणीत प्रोसेसर सर्वांत स्वस्त पडतात आणि बोर्ड सर्वांत महाग. सर्व्हर मोडताना प्रोसेसर सुटे काढून विकले जातात, पण चांगल्या स्थितीतले दोन सॉकेटांचे बोर्ड तेवढ्या संख्येने येत नाहीत. म्हणून आधी बोर्ड मिळवावा, त्याच्या माहितीपुस्तिकेत कोणते प्रोसेसर आणि कोणती रॅम चालते ते वाचावे, आणि मगच बाकीची खरेदी करावी. आधी प्रोसेसर स्वस्तात मिळाले म्हणून घ्यायचे आणि नंतर बोर्ड शोधत फिरायचे, हा क्रम खिशाला जड जातो.

दुसरा खर्च कॅबिनेटचा. साधा एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा असतो. दोन सॉकेटांचे अनेक बोर्ड ३०५ गुणिले ३३० मिलिमीटरचे असतात आणि त्यांच्या स्क्रूच्या जागाही वेगळ्या असतात. जुने कॅबिनेट वापरायचे तर मोजपट्टी लावूनच ठरवावे. तिसरा खर्च थंडाव्याचा. सर्व्हरमधल्या प्रोसेसरवर नुसता धातूचा ठोकळा असतो, कारण पुढचे जोरदार पंखे त्यातून वारा ढकलतात. घरी प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा पंखा लागतो, आणि सॉकेटची पकड चौकोनी आहे की अरुंद, यावर कोणता कूलर बसेल ते अवलंबून असते.

चौथा खर्च एसएमपीएसचा, आणि इथे काटकसर करू नये. ई५-२६७० साठी उष्णतेचा अंदाज ११५ वॅटचा आहे. दोघांचे मिळून २३०, शिवाय रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक प्रोसेसरला आठ पिनांची स्वतंत्र १२ व्होल्टची जोडणी हवी असते. जुन्या संगणकातून वाचलेल्या साध्या एसएमपीएसला अशा दोन जोडण्या नसतात. दुसऱ्या एखाद्या प्लगमधून वीज वळवून घेणारे स्वस्त जोड वापरणे म्हणजे बारीक तारांवर मोठा भार टाकणे. त्या तापतात आणि वितळतात. याच्याच शेजारी विजेच्या बिलाचा हिशेब मांडावा. यंत्र भाराखाली ३५० वॅट घेते असे धरले आणि ते रोज आठ तास चालले, तर महिन्याला ८४ युनिट होतात. घरगुती विजेचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून हे ८४ युनिट बहुतांशी बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यात मोजले जातात.

पाचवी बाब परवान्याची. विंडोजची होम आवृत्ती एकच प्रोसेसर सॉकेट वापरते; दोन सॉकेटांसाठी प्रो लागते. विंडोज ११ या जुन्या झिऑनना अधिकृतपणे स्वीकारत नाही. लिनक्सला अशी अडचण नाही, आणि दोन सॉकेटांच्या यंत्रावर जी कामे खरोखर शोभतात त्यांतली बहुतेक लिनक्सवर उत्तम होतात.

हात आखडता असेल तर एक चांगली युक्ती आहे. दोन सॉकेटांचा बोर्ड एकाच प्रोसेसरवर सुरू होऊ शकतो. पहिल्या सॉकेटात एक प्रोसेसर आणि चार पट्ट्या घालून काम सुरू करावे. दुसऱ्या सॉकेटशी जोडलेल्या रॅमच्या जागा आणि काही स्लॉट तोवर बंद राहतील. पुढे पैसे जमले की तसाच दुसरा प्रोसेसर आणून बसवावा. थंडावा आणि एसएमपीएस मात्र पहिल्या दिवसापासून दोघांना पुरेल असाच घ्यावा.

आणि या सगळ्याच्या आधी, आपल्याला हे हवे आहे का ते ठरवावे. २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ९ ३९५०एक्सने सोळा कोअर एकाच सॉकेटात आणून ठेवले, तेही १०५ वॅटच्या मर्यादेत. निव्वळ वेगासाठी जुन्या जोडीच्या मागे लागण्यात आता राम नाही. भरपूर रॅम, एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक, बरीच कार्डे बसवण्याची सोय, सर्व्हर कसा चालतो हे स्वतः हाताळून शिकण्याची इच्छा, यांतले काही हवे असेल तर ही जोडी आजही पैशाचे मोल देते. पत्रलेखन, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर तोच पैसा साध्या बोर्डावर, पुरेशा रॅमवर आणि चांगल्या एसएसडीवर घालावा.

हे ठरवायला साधी चाचणी पुरते. आपले नेहमीचे सर्वांत जड काम मित्राच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चार-आठ कोअरांच्या संगणकावर चालवावे आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा उघडून बघावा. एकच कोअर शंभर टक्क्यांवर असेल आणि बाकीचे रिकामे, तर अधिक वेगवान एकच प्रोसेसर घ्यावा. कोअर रिकामे आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर एसएसडी घ्यावी. सगळे कोअर शेवटपर्यंत भरलेले दिसले, तर तुमचे काम वाटून घेता येणारे आहे. दोन सॉकेटांचा बोर्ड शोधायला खुशाल बाहेर पडा.